मोटर बंद झाली तरी स्विचमधून हवा सुटतेय? कॉम्प्रेसरचा एनआरव्ही बदलायची पूर्ण पद्धत

टाकी भरली, प्रेशर स्विचने मोटर बंद केली, आणि त्यानंतरही स्विचच्या खालून सूं सूं असा आवाज चालूच राहतो, थांबायचं नाव घेत नाही, मग हळूहळू काटा खाली येतो आणि कुणी हवा वापरलेली नसताना मोटर परत चालू होते. हे ज्यांच्या पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरवर होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिली गोष्ट आधीच सांगतो, स्विच बदलायला धावू नका. आवाज स्विचमधून येतो हे खरं, पण बहुतेक वेळा बिघाड असतो टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या एनआरव्हीमध्ये, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये.

मी स्वतः यात फसलोय. हवा स्विचमधून सुटतेय म्हणजे स्विच गेला असं मला दुकानात सांगितलं गेलं, मलाही ते पटलं, नवीन स्विच आणला, वायरिंग सोडवलं, परत जोडलं, टाकी भरली आणि नवा कोरा स्विच पण तसाच सूं करत बसला. मग एनआरव्ही उघडला तर आतल्या चकतीखाली काळ्या कार्बनचा एक कण अडकलेला, टाचणीच्या डोक्याएवढा. तेवढ्यानेच अख्खी टाकी रिकामी होत होती.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावरच उभी आहे.

पंपाच्या हेडमधून (सिलिंडरच्या वरचा भाग) गरम हवा डिस्चार्ज पाइपने (तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो तो) टाकीकडे येते. टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही. त्यात एक चकती आणि स्प्रिंग, हवा आत जाताना चकती उचलली जाते, पंप थांबला की टाकीतला दाबच चकतीला सीटवर दाबून धरतो, हवा मागे येत नाही. आता या एनआरव्हीच्या बाजूला एक छोटं तोंड असतं, त्यातून बारीक नळी निघून प्रेशर स्विचच्या खाली असलेल्या अनलोडरला जाते. हे छोटं तोंड चकतीच्या पंपाकडच्या बाजूला असतं, टाकीच्या बाजूला नाही. स्विचने मोटर बंद केली की अनलोडरची पिन दाबली जाते आणि हेडमध्ये व डिस्चार्ज पाइपात अडकलेली हवा फुस्स करून बाहेर निघते, पाच-दहा सेकंदात संपते. हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या पिस्टनवर सुरू होईल, दाबावर नाही. पण चकती नीट बसत नसेल तर टाकीतली हवा मागे डिस्चार्ज पाइपात येते, तिथून बारीक नळीत, तिथून उघड्या अनलोडरमधून बाहेर. अनलोडर त्याचं काम बरोबर करत असतो, फक्त त्याच्याकडे येणारी हवा संपतच नाही.

आधी खात्री करा, मग पाना हातात घ्या

टाकीत ४-५ बार (म्हणजे साधारण ६० ते ७० पीएसआय) हवा असताना स्विचच्या लीव्हरने किंवा नॉबने मोटर बंद करा. भिंतीवरच्या मेन स्विचने नाही, कारण मेन बंद केला तर अनलोडरची पिन दाबलीच जात नाही आणि तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. लीव्हरने बंद केल्यावर मग प्लग काढून ठेवा आणि ऐका. फुस्स होऊन थांबलं तर एनआरव्ही ठीक. थांबलं नाही तर दोनच संशयित उरतात, एनआरव्ही किंवा स्विचचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा), आणि त्यांच्यातला फरक कळायला सोपा मार्ग आहे. गॉगल लावा, पाइप थंड होऊ द्या, आणि बारीक नळी स्विचच्या बाजूने हळूहळू सैल करून सोडवा. हवा नळीच्या टोकातून येतेय? एनआरव्ही गेला. नळीतून काहीच नाही आणि हवा स्विचच्या अंगातून येतेय? तर मात्र डायफ्राम फाटलाय, स्विचच बदला. मात्र हात किंवा बोट लावून हवा तपासू नका, दाबाची हवा कातडीत शिरली तर ती गंभीर इजा असते. कागदाची पट्टी धरा, फडफडली की कळतं.

याउलट मोटर चालू असतानाच अनलोडरमधून हवा सुटत असेल आणि बंद झाल्यावर थांबत असेल तर तो अनलोडरचाच दोष, पिन किंवा तिचा सील. आणि पंप चालताना इनटेक फिल्टरमधून हवा उलटी धाप टाकल्यासारखी बाहेर येत असेल, टाकी भरायला खूप वेळ लागत असेल, तर हेड उघडून व्हॉल्व्ह प्लेट बघावी लागते, ते वेगळं काम आहे, एनआरव्ही बदलून त्यात फरक पडणार नाही.

दाब शून्य म्हणजे खरंच शून्य

प्लग काढलेला असावा, थेट वायरिंग असेल तर मेन बंद करून त्यावर चिठ्ठी लावा, कारण प्रेशर स्विच आपोआप चालू होणारी वस्तू आहे, टाकी रिकामी झाली की तो मोटर चालू करणारच, तुमचा हात बेल्टजवळ आहे का हे त्याला कळत नाही. मग टाकीखालचा ड्रेन उघडा. काटा शून्यावर आला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका, जुने गेज अडकतात, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा, आवाज आला नाही म्हणजे झालं. ड्रेन पूर्ण काम होईपर्यंत उघडाच ठेवा. आणि अर्धा-पाऊण तास थांबा, डिस्चार्ज पाइपातल्या हवेचं तापमान १५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, तांब्याचा पाइप बघून गरम आहे की थंड ते कळत नाही.

कोणता एनआरव्ही आणायचा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून इथे जरा जास्त लिहितो. जुना काढून, सोबत घेऊन जाणं सगळ्यात चांगलं. पण नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणून चालत नाही.

एक तर अर्धा इंच म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नव्हे. पाइपच्या आट्यांची नावं पाइपच्या आतल्या मापावरून पडलेली आहेत. व्हर्नियर लावला तर १/२ बीएसपीचा (बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचे पाइप-आटे) बाहेरचा व्यास साधारण २१ मिमी येतो, ३/८ चा १६.७ च्या आसपास, ३/४ चा २६.४, आणि १ इंचीचा ३३.२ मिमी. आधी मोजा, मग नाव घ्या.

दुसरं म्हणजे बीएसपी आणि एनपीटी. ही आट्यांची दोन वेगळी घराणी आहेत, एक ब्रिटिश, दुसरं अमेरिकन, बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. १/४ आणि ३/८ मध्ये बीएसपीला इंचाला १९ आटे आणि एनपीटीला १८, त्यामुळे चुकीचं फिटिंग लावलं तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि तुम्हाला कळतं. पण १/२ आणि ३/४ मध्ये दोघांनाही इंचाला १४च आटे, त्यामुळे एनपीटीचा व्हॉल्व्ह बीएसपीच्या सॉकेटमध्ये छान फिरत जातो, घट्ट पण होतो, आणि मग कितीही टेप लावा, बारीक गळती राहतेच, वर पुन्हा जोर लावला की सॉकेटचे आटे खराब. टाकीचा सॉकेट टाकीला वेल्ड केलेला असतो, तो बिघडला तर स्वस्तातला पार्ट बदलायला गेलात आणि टाकीच गमावून बसलात असं होतं. आटे मोजायला थ्रेड गेज असेल तर उत्तम, नसेल तर जुन्या व्हॉल्व्हचे आटे नव्याच्या आट्यांत आडवे टेकवून उजेडासमोर धरा, दात दातात पूर्ण बसले पाहिजेत, मध्ये उजेडाची फट दिसता कामा नये. १/२ आणि ३/४ ला मात्र एवढ्याने निभत नाही, तिथे कोनातला फरक डोळ्याला दिसायला कठीण, म्हणून अंगावर काय कोरलंय ते वाचा आणि दुकानात स्पष्ट विचारून घ्या.

तिसरं, बाजूचं छोटं तोंड. ते आहे का, त्याचं माप तेच आहे का (बऱ्याच ठिकाणी १/८ असतं), आणि ते जुन्यासारख्याच बाजूला आहे का. शिवाय वरची, म्हणजे डिस्चार्ज पाइपाकडची जोडणी आतले आटे की बाहेरचे, फेरूलवाली (पाइपावरची धातूची कडी दाबून बसणारी) की फ्लेअरवाली (पाइपाचं टोक फाकवून बसणारी). आणि चकती कसली आहे तेही विचारा, साधं रबर उष्णतेने कडक होतं आणि तडकतं, एअर कॉम्प्रेसरसाठीच बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये उष्णता सहन करणारी चकती असते. पाण्याच्या लाइनचा पितळी एनआरव्ही दिसायला सारखाच असतो पण तो इथे लावू नका, त्याला बाजूचं तोंडही नसतं आणि ती उष्णताही झेपत नाही.

जुना काढताना

काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा, बाजूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते फोटोत नीट दिसलं पाहिजे. मग बारीक नळी सोडवा. नायलॉनची असेल आणि टोकाला पिवळी किंवा कडक झाली असेल तर ती पण बदला, नवीन टोक सरळ काटकोनात कापा.

आता डिस्चार्ज पाइपाचा नट. इथे दोन पाने लागतात, एक नटाला आणि दुसरा व्हॉल्व्हच्या अंगाला धरून ठेवायला. एकाच पान्याने जोर लावला तर व्हॉल्व्ह फिरतो, त्याच्यासोबत पाइप पिळला जातो आणि तांब्याला चिरा जातात. हेडच्या बाजूचा नट पण सैल करा, पूर्ण काढला तर आणखी बरं. पाइप बळजबरीने बाजूला वाकवू नका. पाइप हातात आला की त्याच्या आत टॉर्च मारून बघा, आत काळं कडक थर साचून भोक अर्ध्यावर आलेलं असेल तर पाइपही बदलायचा, नाहीतर तेच कण सुटून नव्या चकतीखाली जाऊन बसणार आणि महिन्याभरात तुम्ही परत इथेच.

व्हॉल्व्ह सॉकेटमधून सुटत नसेल तर गंज सोडवणारं ऑईल मारून तासभर सोडा, मग लांब दांड्याचा बरोबर मापाचा पाना लावून सलग जोर द्या, झटके नको. टाकी हलत असेल तर दुसऱ्या माणसाला धरायला लावा. टाकीच्या अंगावर गॅसची ज्योत मारून सॉकेट गरम करायचा मोह होतो, तो करू नका. आत तेलाची वाफ आणि तेलकट पाणी असतं, आणि दाबाच्या टाकीच्या वेल्डवर अशी उष्णता देणं म्हणजे ती टाकी कमकुवत करणं. व्हॉल्व्ह पूर्णपणे गोठलेला असेल, अंगच मोडायला लागलं असेल, तर छिन्नी-हातोडा घेऊ नका, तिथे हात थांबवा आणि एक्स्ट्रॅक्टर (मोडका तुकडा बाहेर काढायचं हत्यार) असलेल्या कारागिराकडे द्या.

निघाल्यावर सॉकेटमध्ये स्वच्छ कापडाचा गुंडाळा घाला, त्याला दोरी बांधून बाहेर ठेवा म्हणजे तो आत पडणार नाही, आणि वायर ब्रशने आट्यांतला जुना टेप, गंज, वाळलेला सीलंट काढा. आट्यांच्या तळाशी बसलेला जुना टेप अणकुचीदार काडीने उकरून काढावा लागतो, कंटाळा करू नका. कापड काढताना कचरा सोबत बाहेर येईल असं फिरवून काढा. पेट्रोल किंवा रॉकेल टाकून सॉकेट, पाइप, व्हॉल्व्ह धुऊ नका, हवेच्या मार्गात त्याचा अंश राहिला आणि गरम दाबाची हवा आली की आग लागू शकते. साबणाचं पाणी, ब्रश, आणि पूर्ण वाळवणं, बस.

नवीन बसवताना

बसवण्याआधी हातातच तपासा. अंगावर बाण असेल तर तो टाकीकडे. पंपाकडच्या तोंडातून तोंडाने हलकं फुंका, हवा गेली पाहिजे (स्प्रिंग कडक असेल तर बारीक काडीने चकती दाबून बघा, मोकळी खाली जाऊन परत वर आली पाहिजे). टाकीच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे.

मग टेप न लावता व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये हाताने फिरवा आणि फेऱ्या मोजा. निमुळत्या आट्याचा असेल तर तीन-चार फेऱ्यांनंतर हाताने जाईनासा होतो. तो कुठे थांबला, बाजूचं तोंड कुठल्या दिशेला आलं, ते मार्करने टाकीवर खूण करून ठेवा. पान्याने साधारण आणखी दीड-दोन फेऱ्या जाणार आहेत, त्या फेऱ्यांत कुठल्या ठिकाणी तोंड नळीच्या दिशेला येईल हे आत्ताच ठरवा, कारण निमुळते आटे एकदा घट्ट केले की मागे फिरवायचे नसतात. तोंड थोडं पुढे गेलं म्हणून पाव फेरी मागे घेतली की टेपचा सील फाटतो आणि गळती पक्की. तोंड जरा अलीकडे असेल तर पुढे घ्या, पुढे गेलं असेल तर पूर्ण काढून नवीन टेपने परत सुरू करा. हे मी दोनदा परत केलंय, तिसऱ्यांदा बरोबर बसलं, आणि मला त्या वेळेचं वाईट वाटत नाही.

टेफ्लॉन टेप लावताना आट्याचं टोक तुमच्याकडे करा आणि घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे बसवताना टेप उलगडत नाही. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा. तिथला टेप कातरून टाकीत पडतो. वरच्या, पाइपाकडच्या आट्याला टेप लावत असाल तर आणखी काळजी, तिथला तुकडा थेट चकतीखाली जातो आणि नवीन व्हॉल्व्ह पहिल्या दिवशी गळतो. तीन फेरे पुरेत, टेप ताणून बोटाने आट्यात दाबा. टेपऐवजी उष्णता सहन करणारा थ्रेड सीलंट वापरला तरी चालतो, मग मात्र डब्यावर दिलेला वाळायचा वेळ द्या. फेरूल किंवा फ्लेअरच्या नटाला टेप लावायचा नाही, तिथे आटे सील करत नाहीत, धातूवर धातू बसून सील होतो, टेप उलट अडथळा करतो.

व्हॉल्व्ह बसला की डिस्चार्ज पाइप आणा आणि दोन्ही टोकांचे नट आधी हातानेच लावा, दोन-तीन आटे. हाताने सरळ जात नसतील तर पाइप तिरपा आहे, तो सरळ करा, पान्याने ओढून आणू नका. ओढून बसवलेला पाइप पंपाच्या थरथरीने काही आठवड्यांत फ्लेअरच्या मुळाशी तडकतो, आणि लोक म्हणतात पाइप हलका होता. दोन्ही नट हाताला घट्ट झाले की मग आळीपाळीने पान्याने, व्हॉल्व्हला दुसरा पाना धरून. जुनीच फेरूल असेल तर हाताच्या घट्टपणानंतर साधारण पाव फेरी, गळाली तरच थोडं पुढे. शेवटी बारीक नळी जोडा, तिचा नट छोटा आणि पितळेचा असतो, त्याला छोटाच पाना लावा, मोठ्या पान्याने एका झटक्यात आटे जातात.

चाचणी घाईत नको

ड्रेन बंद करा (हे विसरलं जातं), प्लग लावा, चालू करा आणि २ बारवर लीव्हरने बंद करा. साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. डिस्चार्ज पाइपाचे जोड आणि बारीक नळी मात्र मोटर चालू असतानाच तपासावी लागते, कारण बंद झाल्यावर त्यात दाबच राहत नाही. बेल्ट आणि फिरत्या चाकापासून बाही, हात लांब ठेवून लांब ब्रशने लावा. फेस फुगत असेल तर लगेच पाना लावू नका, आधी बंद, आधी दाब काढा, मग घट्ट करा. सुरुवातीची बारीक नळीची तपासणी सोडली तर दाबाखाली फिटिंग कधीच फिरवायचं नाही.

२ बारला कुठेच फेस फुगला नाही की पूर्ण भरू द्या, स्विच त्याच्या ठरलेल्या दाबाला मोटर बंद करतोय का बघा. फुस्स, आणि शांतता. ही शांतता ऐकण्यासाठी सगळा खटाटोप होता. आता गेजवरचा काटा कुठे आहे तिथे खूण करा आणि होज बंद ठेवून अर्धा तास सोडा. पहिल्या काही मिनिटांत काटा किंचित खाली येईल, गरम हवा थंड होते म्हणून, ते गळती नाही. त्यानंतर तो जागेवर राहिला पाहिजे. मग ड्रेनमधून थोडी हवा सोडून मोटर परत चालू होते का बघा, ती हलकी उचलली पाहिजे, गुणगुण करत अडखळायला नको.

नवीन व्हॉल्व्ह जास्त टिकावा असं वाटत असेल तर जुन्याची चकती बघा, ती बरंच काही सांगते. काळा कडक कार्बन असेल तर पंप जास्त तापतोय किंवा तेल वर चढतंय, म्हणजे इनटेक फिल्टर तुंबलाय, तेल काचेवरच्या खुणेच्या वर भरलंय, किंवा तेलच भलतं आहे. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलंच कॉम्प्रेसर ऑईल वापरा, गाडीचं उरलेलं इंजिन ऑईल नको. चकती कडक होऊन तडकली असेल तर पंप फार वेळ सलग चालतोय, कुठेतरी होजमध्ये गळती आहे का बघा. आणि गंजाचे लाल कण दिसले तर टाकीतलं पाणी रोज काढलं जात नाहीये, त्याचा धोका व्हॉल्व्हपेक्षा टाकीला जास्त.

आठ-दहा दिवस काम झालं की एकदा सगळं थंड करून, दाब शून्य करून, दोन्ही नट पान्याने तपासा. गरम-थंड होऊन पहिल्या आठवड्यात ते किंचित सैल होतात, फेरीचा एखादा आठवा भाग फिरले तर तेवढंच फिरवा आणि परत एकदा साबणाचं पाणी लावून बघा.